हत्तीच्या नावाने पेला

ज्याला एकदा बोलावलं त्याला मागाहून येऊ नको म्हणायचं, असं पेलागियाच्या घरात कधी झालं नव्हतं, आणि ऐंशीव्या वर्षी ती ते होऊ देणार नव्हती.

"मी मेले की सांगा त्याला," ती म्हणाली. मक्याचं पीठ तिच्या कोपरापर्यंत माखलं होतं. "ग्रिगोल माझ्या नातीचा, इयाचा, धर्मपिता आहे. दर संत जॉर्जाच्या सणाला नव्या वाइनचा पहिला पेला तोच पितो. आणि तुमच्या त्या लाकडी बाहुल्यांपायी मी त्याला दारातून घालवू?"

"घालवा कोण म्हणतंय आई?" थोरली सून नूनू अक्रोड कुटता कुटता म्हणाली. "आठवडाभर पुढे ढकलू म्हणते मी."

"वाइनला जाऊन सांग. म्हणावं, थांब बाई आठवडाभर."

नूनूने मुसळ जोरात आपटलं. पेलागियाशी वाद घालायचा म्हणजे ओढ्याला वर चढ म्हणण्यासारखं.

भांडणाला कारण मात्र खरं होतं. काल संध्याकाळी कुतैसीच्या नाट्यगृहात धाकटी सून लामारा आणि ती तिबिलिसीची पोरगी दारेजान, यांचा बुद्धिबळाचा शेवटचा डाव अर्ध्यावर थांबला. दोघींचे गुण सारखे. पुढच्या वसंतात जगज्जेतेपदासाठी कोण खेळणार, ते या एका डावावर. बरोबरी झाली तर नियमाप्रमाणे दारेजान जाणार. म्हणजे लामाराला जिंकायलाच हवं होतं. ती चाळिशीला टेकलेली, समोरची विशीतली. पुन्हा अशी संधी यायची नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि म्हणून कुणी बोलत नव्हतं.

डाव थांबला की रीत अशी, की जिची पाळी असेल तिने आपली पुढची चाल कागदावर लिहायची आणि पाकीट बंद करून पंचाच्या हवाली करायची. उद्या सकाळी पंच सगळ्यांदेखत ते फोडणार. तोवर समोरच्यांनी ही असेल का ती असेल, म्हणत डोकी फोडायची. पाळी लामाराची होती. पाकिटात काय आहे ते जगात तिला एकटीला माहीत होतं. आणि ग्रिगोल मास्तर, ज्यांनी सात वर्षांच्या लामाराला घोडा कसा उडी मारतो ते शिकवलं, ते गेली काही वर्षं दारेजानचे मास्तर होते.

बरं, डाव थांबेल असं जेवणाचं बोलावणं करताना कुणाच्या स्वप्नात तरी आलं होतं का?

*

मुर्मान बायकोच्या मागे मागे द्राक्षांच्या मांडवाखाली आला. शाळेत भूगोल शिकवणारा हा माणूस, उंच, किंचित पोक काढून चालणारा. लग्न झाल्यापासून लामाराच्या प्रत्येक स्पर्धेला तिच्या पिशव्या यानेच उचलल्या. सोफियात गारठला, रीगात ताप काढला, आणि "बायकोचा हमाल" म्हणून शिक्षकांच्या खोलीत दहा वर्षं टोमणे खाल्ले. खाल्ले आणि पचवले.

"काय लिहिलंस?" त्याने हळूच विचारलं. दर वेळी विचारायचा. दर वेळी ती सांगायची.

लामारा खुर्च्या पुसत होती. तिचा हात थांबला नाही.

"हत्ती," ती म्हणाली. "सातव्या ओळीत."

"हत्ती!" त्याचा चेहरा उजळला. बुद्धिबळातलं त्याला फार कळायचं नाही, पण सातव्या ओळीतला हत्ती म्हणजे काही तरी जबरदस्त, एवढं इतक्या वर्षांत कानावर पडलं होतं. "मग आपण जिंकलो?"

"बघू. कुणाला बोलू नकोस हं."

"मी? मी कशाला बोलतोय?"

बोलला तो नाहीच. पण त्याचा थोरला भाऊ बोंदो काय चीज आहे! जमिनीत पुरलेल्या वाइनच्या रांजणाचं झाकण दोघे भाऊ मिळून उघडत होते, माती बाजूला सारत होते, तेव्हा बोंदोने त्याला गाठलं.

"सांगू नकोस," बोंदो म्हणाला. "शपथ, मला ऐकायचंच नाही. मी नुसती नावं घेतो. राजा?"

"दादा, पुरे."

"प्यादं?"

"दादा, खरंच पुरे आता."

"हत्ती?"

मुर्मानच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. बोंदोने झाकण बाजूला ठेवलं, भावाला मिठी मारली आणि दोन्ही गालांचे मुके घेतले.

"आईशप्पथ, ताकास तूर लागू देणार नाही," तो म्हणाला. हे बोंदो म्हणाला, ज्याच्या तोंडात तीळ भिजत नाही हे आमच्या अख्ख्या इमेरेती प्रांताला माहीत आहे.

*

ग्रिगोल मास्तर आले ते हातात पर्सिमन फळांची टोपली घेऊन. काळा कोट, काठी, पांढऱ्या मिशा नीट विंचरलेल्या. फाटकातच म्हणाले, "एक गोष्ट आधीच सांगतो. आज पटाचं नाव कुणी काढायचं नाही. मी जेवायला आलोय."

"मग बसा की," पेलागिया म्हणाली. "उभ्याने जेवतात का कुठे?"

लामारा त्यांच्या पाया पडल्यासारखी वाकली आणि त्यांनी तिच्या कपाळाचं चुंबन घेतलं. दोघांनीही एकमेकांच्या डोळ्यांत पाहायचं टाळलं. काल संध्याकाळी नाट्यगृहात मास्तर दारेजानच्या खुर्चीमागे उभे होते, आणि लामाराला ते सोसलं नव्हतं. तिने स्वतःच पंचविशीत त्यांना सोडून राजधानीतला मोठा मास्तर धरला होता, तेव्हा तक्रार करायला तोंड नव्हतं. पण तोंड नसलं तरी मन असतंच ना.

पुढचे दोन तास छान गेले. मांडवाखाली लांब टेबल, त्यावर अक्रोडाच्या वाटणातली कोंबडी, भाजलेलं डुकराचं पिल्लू, चीज भरलेल्या खाचापुरी रोट्यांच्या चळती, डाळिंबाचे दाणे पेरलेला पालक. तमादा अर्थातच बोंदो. आमच्यात तमादाने बोलल्याखेरीज कुणी पेला उचलत नाही. टेबलाचा राजाच तो. बोंदोने शांततेसाठी पेला उचलला, मग गेलेल्यांसाठी, मग पोराबाळांसाठी. मृतांच्या पेल्याला तो असं काही बोलला की नूनूने पदर नसतानाही डोळे कशाने तरी पुसले. मास्तर खुलले. पेलागियाने त्यांच्या ताटात तिसऱ्यांदा कोंबडी वाढली. मुर्मान हसत होता.

मग बोंदोने शिंग मागवलं. वाइनने भरलेलं शिंग खाली ठेवता येत नाही, एकदम रिकामं करावं लागतं. ते हातात आलं की बोंदोला जोर चढतो.

"आता घरच्या सुनेसाठी!" तो उभा राहिला. "लामारा या घरात आली तेव्हा आईने मला विचारलं होतं, पोरीला येतं तरी काय? मी म्हटलं, आई, हिला भल्याभल्यांना हरवता येतं."

सगळे हसले. पेलागियाही.

"पटाचं नाव मी काढणार नाही, मास्तरांना शब्द दिलाय. मी एका गड्याची गोष्ट सांगतो. हा गडी घराच्या कोपऱ्यात बसून असतो. सुरुवातीला त्याला कोणी विचारत नाही. घोडे नाचतात, उंट तिरके तिरके पळतात, वजीर तर काय, मिरवतोच. हा आपला कोपऱ्यात. आमची लामाराही अशीच. पंधरा वर्षं दुसऱ्यांना पुढे जाताना पाहिलं तिने. पण शेवटी अंगण रिकामं होतं, तेव्हा तोच गडी उठतो. तिरकं चालत नाही, उडी मारत नाही, सरळ चालतो. सरळ! आणि शत्रूच्या घरात, त्याच्या सातव्या ओळीत जाऊन मांडी घालून बसतो. उद्या सकाळी पाकीट फुटेल, तेव्हा जग बघेल. हत्तीच्या नावाने! गाउमार्जोस!"

त्याने शिंग एका दमात रिकामं केलं.

"गाउमार्जोस," टेबलाच्या टोकाचा बहिरा शेजारी पेला उंचावत एकटाच म्हणाला.

बाकी कोणी हललं नाही. बोंदोने मिशा पुसल्या, हसत हसत सगळ्यांकडे पाहिलं, मग धाकट्या भावाच्या तोंडाकडे पाहिलं. मुर्मानचं तोंड राखेसारखं झालं होतं. तेव्हा कुठे बोंदोच्या डोक्यात प्रकाश पडला.

"मी... मी गोष्ट सांगत होतो," तो म्हणाला.

"बस खाली गाढवा," पेलागिया म्हणाली.

ग्रिगोल मास्तरांनी पेला अलगद टेबलावर ठेवला. "बोंदो, अरे बोंदो, हे काय करून बसलास?"

"मास्तर, तो प्यायलाय, त्याच्या बोलण्याला काय अर्थ..." नूनू घाईघाईने म्हणाली.

"मुर्मानकडे बघ आणि मग मला सांग अर्थ नाही म्हणून." मास्तरांनी ताट जरासं दूर सारलं. "भरल्या ताटावरून मी उठणार नाही. पण ऐकलेलं न ऐकल्यासारखं कसं करू? ती पोरगी तिकडे हॉटेलच्या खोलीत माझी वाट बघत बसलीय. संध्याकाळी दोघं मिळून पटावर बसणार आहोत. तिला सांगितलं तर या घरच्या मिठाशी बेइमानी. नाही सांगितलं, आणि समोर बसून माहीत नसल्याचं सोंग केलं, तर तिच्याशी बेइमानी. एका जेवणात माणसाने किती वेळा बेइमान व्हायचं?" त्यांनी मान वर केली. "लामारा, तूच सांग. तू म्हणशील तसं करीन."

सगळ्या नजरा लामाराकडे वळल्या. ती उठली.

"वाइन संपलीय," ती म्हणाली. "घेऊन येते."

*

लामाराची मुलगी इया हत्तीचं नाव ऐकताच आत पळाली होती. पोरगी तिबिलिसीत डॉक्टरकी शिकत होती, सणाला म्हणून आली होती. बुद्धिबळ तिने बाराव्या वर्षी सोडलं, रागाने सोडलं. तिच्या प्रत्येक वाढदिवसाला आई कुठल्या तरी परक्या गावात कुठल्या तरी परक्या बाईसमोर बसलेली असायची. पण आईची मुलगीच ती, खेळ काही तिला सोडून गेला नव्हता.

कालची स्थिती तिला पाठ होती. आईच्या प्रवासी पटावर तिने मोहरे लावले: आईचा राजा, हत्ती, दोन प्यादी, दारेजानचा राजा, हत्ती, एक प्यादं. हत्ती सातव्या ओळीत नेला. मग दारेजानच्या बाजूने विचार केला. तिच्या हत्तीचा मागून शह. राजा बाजूला. पुन्हा शह. राजा वर. पुन्हा शह. लपायला जागाच नाही! तिने परत परत करून पाहिलं. दर वेळी तेच. बरोबरी. हत्ती सातव्या ओळीत नेला की डाव हातचा जातो, आणि हे एखाद्या शिकाऊ पोरीलाही चहा पिता पिता दिसलं असतं.

आणि आईला दिसलं नसेल?

इया पट तसाच टाकून रांजणाच्या खोपटात गेली. लामारा कमरेत वाकून लांब दांड्याच्या पोकळ भोपळ्याने वाइन काढत होती. सुरई कधीच भरली होती, तरी ओतत होती. वाइन बाहेर सांडत होती.

"आई, तू बाबांशी खोटं बोललीस."

लामाराने भोपळा खाली ठेवला.

"पाकिटात हत्ती नाहीये," इया म्हणाली.

"नाही."

"काका बरळतील हे तुला माहीत होतं?"

"माहीत नव्हतं गं! एवढी काही मी बेरकी नाही." लामारा उलट्या घातलेल्या टोपलीवर बसली. "मला एवढंच माहीत होतं, की आज मास्तर समोर बसणार, आणि तुझ्या बाबाच्या तोंडावर सगळं लिहिलेलं असतं. म्हटलं, लिहिलेलं असू दे, पण खोटं असू दे. कुणाला काही कळणार नाही, उद्या पाकीट फुटलं की त्याची माफी मागीन. आणि आता बघ काय झालं ते."

"झालं ते बरंच झालं की!" इयाचे डोळे चमकले. "तू कुठे मास्तरांना काही सांगितलंस? काकांनी सांगितलं. बसू दे दोघांना संध्याकाळभर हत्तीवर डोकं खाजवत. तू फक्त म्हण, मास्तर, तुमच्या मनाला येईल तसं करा. बस्स!"

"आणि ते खोटं घेऊन जातील इथून. आमच्या टेबलावरून."

"जाऊ देत! आई, तुला हे पंधरा वर्षांनी मिळतंय. आणि तुला एकटीला नाही मिळत. माझे वाढदिवस गेलेत त्यात. तुझ्यामागे फिरून बाबांचे पाय झिजलेत. तू जिंकायलाच हवंस, कळलं? मला त्या सगळ्याचं काही तरी परत हवंय."

हे तिने आयुष्यात पहिल्यांदा बोलून दाखवलं. लामाराने तिचा हात धरला. पोरीचा हात गार पडला होता आणि ती रडत होती.

"खरं सांगितलं तर काय होईल ते ऐक," लामारा म्हणाली. "एक, हत्ती नाही म्हटलं की मास्तरांना अर्धं कळलंच. मग राहतात दोनच चाली, आणि ते दोन्ही मुळापासून खणून काढतील. आणि दुसरं..." तिने बाहेर टेबलाकडे पाहिलं. "दुसरं, सगळ्यांसमोर तुझ्या बाबाला कळेल की या घरात माझा त्याच्यावर भरवसा नव्हता. डाव गेला तर मी रडेन आणि उठेन. पण त्याचं तोंड मला बघवायचं नाही."

"मग नको ना सांगूस!"

"कुणी काय सांगायचं नाहीये?" दारात पेलागिया उभी होती. सुरईला एवढा वेळ का लागतो ते बघायला आली होती. मग इयानेच भडाभडा सगळं ओकलं. म्हातारीने नीट ऐकून घेतलं. हत्ती, ओळ, शह, यांतलं तिला काही समजलं नाही. जे समजायचं ते समजलं.

"या खेळाचा मला पहिल्या दिवसापासून राग आहे," ती म्हणाली. "पोरीला ताप, आणि आई युगोस्लावियात! मी तुला बोलायला काही कमी केलं नाही."

"नाही केलंत आई."

"तेव्हा माझं ऐकूच नकोस. तुला काय करायचं ते कर. खोटं बोललीस ते नवऱ्याशी बोललीस, ते तुमचं तुम्ही बघा. पण त्या म्हाताऱ्याने कोंबडी खायची सोडलीय. त्याचं ताट तसंच पडलंय आणि मला ते बघवत नाही." तिने ओसंडलेली सुरई उचलली, फडक्याने पुसली, सुनेच्या हातात दिली. "आणि जिंक बाई. एवढं सगळं केलंय तर जिंक तरी."

*

लामारा टेबलाशी परत आली तेव्हा बोंदो दोन्ही हातांत डोकं धरून बसला होता.

"भाऊजी, मला बोलायचंय," ती म्हणाली. "अलावेर्दी द्या."

म्हणजे तमादाने आपला बोलण्याचा मान दुसऱ्याच्या हाती द्यायचा. बोंदोने नुसता हात हलवला. आज त्याच्यापाशी द्यायला मान उरला होता कुठे?

लामाराने पेला भरला. उभी राहिली.

"मास्तर, भाऊजींनी काहीही फोडलं नाही," ती म्हणाली. "पाकिटात हत्ती नाहीये. काय आहे ते मी सांगणार नाही. पण हत्तीवर आज संध्याकाळ घालवू नका. मी मुर्मानशी खोटं बोलले. त्याने ते खरं मानलं, कारण माझं बोलणं खरं मानायची त्याला सवय आहे. हा पेला त्याच्यासाठी. बाकी कुणी पिऊ नका, मी एकटीच पिते."

ती प्यायली.

पहिला आवाज आला तो बोंदोचा. "म्हणजे... मी काहीच फोडलं नाही?" आणि तो हसायला लागला, रडता रडता हसायला लागला, नूनूला मिठ्या मारायला लागला. "ऐकलंस का गं? मी निर्दोष आहे! मी चुकीचं बरळलो!"

"चुकीचं तर चुकीचं, बरळलास ना," नूनू त्याला ढकलत म्हणाली.

ग्रिगोल मास्तरांच्या मिशा थरथरल्या. "मीच शिकवलं होतं हिला," ते कुणालाच उद्देशून म्हणाले. "आठ वर्षांची होती. म्हटलं होतं, बंद चाल उशीलासुद्धा सांगायची नाही."

पण लामाराचं लक्ष नव्हतं. मुर्मानची खुर्ची रिकामी होती.

तो विहिरीपाशी उभा होता, पाठमोरा. ती जवळ गेली तरी वळला नाही. त्याला राग आला होता का? तसा आला नव्हता, आणि त्याचंच त्याला आश्चर्य वाटत होतं. त्याला आठवत होती ती सोफियातली खोली, त्या वेळची थंडी, आणि अंथरुणात शिरता शिरता लामाराने कानात सांगितलेली चाल. त्याला ती चाल कधीच कळली नव्हती. पण ती सांगते, म्हणजे आपण तिथे आहोत, असं त्याला वाटायचं. तेवढ्यावर तो सगळं करत आला होता.

"पिशव्याच उचलायच्या असतील तर हमाल मिळतो स्टेशनवर," तो म्हणाला.

"मुर्मान..."

"माझ्या तोंडावर दिसतं, मान्य. मग नाही सांगत म्हणायचं होतंस. मी रुसलो असतो, अर्धा तास. पण खोटं कशाला? मी दिवसभर त्या हत्तीवर खूश होऊन फिरलो गं. वेड्यासारखा."

"चुकले," ती म्हणाली. "नाही सांगत म्हणायला जीभ वळली नाही. तुला कधी नाही म्हटलंच नव्हतं. खोटं बोलणं सोपं गेलं. ते इतकं सोपं गेलं याचीच मला भीती वाटली."

विहिरीच्या काठावर कोंबड्या दाणे टिपत होत्या.

"राजा," ती म्हणाली. "एक घर मागे."

"सांगू नकोस!" तो गर्रकन वळला. "मास्तर बसलेत तिकडे!"

"बसू देत. राजा एक घर मागे घेतलाय मी. आधी शहांपासून आडोसा करायचा, मग प्यादं चालवायचं. आता तुला माहीत आहे. जा, बस त्यांच्यासमोर. दिसलं तर दिसलं."

"तू वेडी आहेस का? हरशील!"

"हरेन. चल, जेवण निवतंय."

मुर्मान टेबलाशी परत आला तेव्हा त्याचे कान लाल, ओठ घट्ट मिटलेले, आणि सबंध चेहऱ्यावर ते गुपित लहान पोराच्या तोंडावरच्या गुळासारखं माखलेलं. मास्तरांनी एकदाच त्याच्याकडे पाहिलं. अर्धा क्षण. आणि मग आमच्या इमेरेतीत कुण्या पाहुण्याने कधी केलं नसेल असं काही त्यांनी केलं. उठले, खुर्ची उचलली, फिरवली, आणि यजमानाकडे पाठ करून बसले.

"पेलागिया," ते मांडवाच्या खांबाकडे बघत म्हणाले, "माझं ताट इकडे दे. राहिलेली कोंबडी मी अशीच खाणार."

पेलागिया इतकी हसली की तिला ठसका लागला. उरलेलं सगळं जेवण मास्तरांनी त्या खांबाबरोबर केलं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी नाट्यगृह भरलं होतं. पेलागिया पहिल्यांदाच आली होती, काळा रुमाल बांधून, पुढच्या रांगेत. पंचाने पाकीट फोडलं, कागद उलगडला आणि पांढरा राजा एक घर मागे ठेवला. दारेजानने क्षणही घेतला नाही. लगेच उत्तर दिलं. पोरीने ही चाल आधीच घोटून ठेवली होती.

मग जे झालं ते सकाळभर चाललं. दारेजानचा हत्ती मागून येई, बाजूने येई, पुन्हा मागून. लामारा आडोसा करी, तो मोडे, नवा करी. इया ओठ चावून बसली होती. बोंदोने तोंडावर हात दाबून धरला होता, आणि नूनूने खबरदारी म्हणून त्यावर आपला हात. दुपार होत आली तेव्हा दारेजानच्या हत्तीला शेवटचा एक शह कमी पडला. एकच. प्यादं पुढे सरकलं, आणखी पुढे सरकलं, आणि पोरीने घड्याळ थांबवून, हार मानून हात पुढे केला.

टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या गोंधळात दोघी पटावरच वाकून राहिल्या, खेळाडू राहतात तशा.

"राजा मागे घेणार हे ओळखलंच होतंस तू," लामारा म्हणाली. "मास्तरांनी चांगलीच तयारी करून घेतली."

दारेजानचे डोळे ओले होते, पण आवाज सरळ होता. "मास्तरांनी? त्यांनी काल पटाला हातसुद्धा लावला नाही. आल्या आल्या म्हणाले, पोरी, आज मी तुझ्या कामाचा नाही. मी आधी खूप रडले, चिडले. मग एकटीच बसले."

लामारा उठली. लोक हार घेऊन पुढे येत होते, मुर्मान पिशवी घेऊन धावत येत होता. ती सगळ्यांतून वाट काढत दाराशी गेली. मास्तर कोट चढवत होते.

"मास्तर, मी तर सगळं कबूल केलं होतं. हत्ती खोटा होता म्हणून सांगितलं होतं. मग तुम्ही तिला मदत का नाही केलीत?"

मास्तरांना बाही सापडत नव्हती. तिने हात धरून ती त्यांना घालून दिली.

"चाल खोटी होती गं," ते म्हणाले. "जेवण खरं होतं."

लामारा वळली आणि रंगमंचाकडे परत गेली. दारेजान एकटीच मोहरे डब्यात भरत होती.

"राहू दे ते," लामारा म्हणाली. "एकटीने बसून तू मला दुपारपर्यंत रडवलंस. वसंतातल्या लढतीच्या तयारीला मला तशीच माणसं लागणार आहेत. येशील माझ्याबरोबर?"

पोरगी तिच्याकडे बघत राहिली. "हरवलंत आणि वर कामाला लावताय?"

"लावतेय."

"दारेजान!" पुढच्या रांगेतून पेलागियाचा आवाज आला, सबंध नाट्यगृहाला ऐकू जाईल असा. "आधी घरी चल. काल राहिलंय तुझं जेवायचं."

दारेजानने डब्याचं झाकण लावलं आणि आपला कोट उचलला.